अर्धा सूर खाली

२ जुलै

"पालकांनी बाहेर थांबायचं." फाटकावरच्या माणसानं हात आडवा घातला. म्हटलं, मी विद्यार्थिनी आहे. त्यानं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सोडलं आत. हसलासुद्धा नाही.

याच फाटकातून पोट घेऊन बाहेर पडले होते. दुसरं वर्ष निम्मं झालं होतं. बाळ जरा मोठं होऊ दे, मग येईन, असं सगळ्यांना सांगितलं होतं. बाळ सोळा वर्षांचं झालं, आणि हे गेले. मग आले.

वर्गात सगळी विशीच्या आतबाहेरची. एका मुलीनं सरकून जागा दिली — "बसा ना काकू." काकू! दुपारपर्यंत सगळा वर्ग काकू म्हणायला लागला. बरंच झालं, नाव सांगावं लागलं नाही.

घरी आले तर ते बाळ, ठकी, पुस्तकात डोकं घालून. कसं झालं म्हणून विचारलंही नाही.

३ जुलै

सकाळी शाळेच्या वाचनालयात काम, दुपारी कॉलेज, मग स्वयंपाक. पाय दुखतात. बाकी काही नाही.

९ जुलै

नणंद आल्या होत्या. चहा पुढ्यात ठेवायच्या आधीच सुरू. "या वयात पियानो शिकून काय दिवे लावणार आहेस? माझा भाऊ जाऊन वर्ष नाही झालं. लोक काय म्हणतील?"

मी विचारलं, साखर एक चमचा की दोन?

त्यांना कसं सांगणार? शेवटच्या दिवसांत हेच रोज म्हणायचे — ते तुझं निम्मं राहिलंय तेवढं पुरं कर, मला बरं वाटेल. आता बरं कुणाला वाटणार? तरी करायचं. पुरं झालं तर शाळेत संगीत शिकवता येईल. वाचनालयात पुस्तकांवरची धूळ पुसत म्हातारी व्हायचं नाही मला.

जाताना दारात म्हणाल्या, "पोरीकडे बघ जरा. वाळली आहे."

ते खरं आहे.

१६ जुलै

कानांचा तास. पोरांनी ठेवलेलं नाव. सर पाठमोरे बसून पियानोवर चार ओळी वाजवतात, आपण ऐकायचं आणि कागदावर सूर उतरवायचे. इथे पहिला सूर सांगत नाहीत. तो ज्याचा त्यानं ओळखायचा. पूर्वीपासूनची रीत आहे, आणि या कॉलेजला तिचा फार अभिमान.

हा विषय तर माझा हातचा! लहानपणापासून सूर ऐकला की नाव सुचतं, रंग बघून रंगाचं नाव सुचावं तसं. सगळ्यांच्या आधी कागद दिला.

शून्य.

सगळा कागद लाल. शेजारची म्हणाली, "जाऊ द्या काकू, मलाही दोनच आहेत."

२३ जुलै

पुन्हा शून्य. सरांनी थांबवून घेतलं. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान असतील, पण कपाळाला आठ्या म्हाताऱ्या माणसाच्या. माझे दोन्ही कागद समोर ठेवले आणि बराच वेळ बघत बसले.

"तुमची एकही चूक नाही," म्हणाले. "म्हणजे सगळंच चूक आहे, पण सारखंच चूक आहे. प्रत्येक सूर अर्ध्यानं वर लिहिलाय. घरी पियानो आहे का?"

आहे म्हटलं.

"तो अर्धा सूर खाली आहे. नक्की."

मला माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असलेली गोष्ट अशी आपल्याच कानात बसली असेल हे कुठे माहीत होतं!

२४ जुलै

काल लिहायचं राहिलं ते लिहिते.

पियानो ह्यांनी एका बंद पडलेल्या नाचाच्या शाळेतून आणला. ह्यांचा धंदाच तो — घरोघर जाऊन पियानो सुरात लावायचे. तारा जुन्या, गंजलेल्या. पुऱ्या ताणल्या असत्या तर तुटल्या असत्या. म्हणून ह्यांनी सगळाच अर्धा सूर उतरवून लावला. "म्हातारीला आता ताण सोसत नाही," म्हणायचे. तेव्हापासून त्याचं नाव म्हातारी. कॉलेज सुटल्यापासून परत येईपर्यंत मी दुसऱ्या कुठल्या पियानोला हात लावलेला नव्हता. रोज म्हातारीच. त्यामुळे तिचाच सूर मला खरा वाटतो, आणि जगातला बाकी प्रत्येक पियानो चढा.

शेवटचं लावलं ते गेल्या सप्टेंबरात. दम लागत होता. दोन तारा झाल्या की स्टुलावर टेकायचे. मी म्हटलं, राहू दे ना. म्हणाले, "तुझ्यासाठी नाही, तिच्यासाठी करतोय."

ऑक्टोबरात गेले.

५ ऑगस्ट

प्रिन्सिपॉल बाईंनी बोलावलं. मला पुन्हा घेताना अट होती — डिसेंबरच्या परीक्षेत सगळे विषय सुटले पाहिजेत. एक राहिला तरी नाव कमी. "तुमच्या परिस्थितीची आम्हाला कल्पना आहे," म्हणाल्या. अशी कल्पना असलेली माणसं नेहमी खुर्चीत मागे टेकून बोलतात.

सरांना म्हटलं, ऐकलेलं मनातल्या मनात अर्ध्यानं उतरवून लिहिलं तर? त्यांनी लगेच करून बघायला लावलं. दुसऱ्या ओळीतच गोंधळ. सूर येतात वेगानं आणि मी मागे वजाबाकी करत बसलेली.

"कानच बदलायला लागेल," म्हणाले. "दोनच रस्ते. घरचा पियानो वर चढवून घ्या. नाहीतर परीक्षेपर्यंत त्याला हात लावू नका. रोज इथे येऊन वाजवा. आणि रोज सकाळी काही ऐकायच्या आधी मधला सूर गाऊन बघा, मग इथल्याशी पडताळा."

८ ऑगस्ट

ह्यांचे भागीदार येऊन गेले. दोघांनी बरोबर धंदा केला. आता एकटेच फिरतात, ह्यांच्या वाटची घरंही तेच करतात. मीच फोन केला होता, आणि ते पिशवी घेऊन दारात उभे राहिल्यावर मलाच नको झालं.

"बघू तर द्या वहिनी. वर्ष होत आलं. उतरला असेल."

म्हटलं, नाही उतरला. ह्यांनी लावलाय. रोज वाजवते मी, मला कळतं.

"अहो, लावलेलं राहत नसतं. तो काय देव होता?"

राग आला. म्हटलं, बाकीच्यांचं उतरत असेल. ते डोकं खाजवत हसले — "म्हणजे माझंच ना!"

पुरा चढवता येईल का विचारलं. म्हणाले, एका दिवसात नाही, थोडा थोडा. तारा जातील काही. पण येईल.

तेवढ्यात ठकी शाळेतून आली. पिशवी बघितली आणि पांढरी पडली. "त्याला कुणी हात लावायचा नाही."

काका आहेत ते, म्हटलं.

"कुणीही असू देत. नाही म्हणजे नाही!" आणि खोलीचं दार आपटलं. चार महिन्यांत माझ्याशी एवढे शब्द बोलली नव्हती.

भागीदार पायात चपला सरकवत म्हणाले, "बापावर गेलीय."

ठकी हे नावही ह्यांचंच. लाकडी बाहुलीसारखी ताठ बसायची म्हणून. अजून तशीच बसते.

९ ऑगस्ट

ठरवलं. चढवायचा नाही. हात लावायचा नाही. डिसेंबरपर्यंत झाकण बंद. निदान आत ह्यांचं आहे तसं राहील.

२ सप्टेंबर

कॉलेजात वाजवते. सगळं चढं, कर्कश. परक्या घरात झोपल्यासारखं. मधला सूर गाऊन पडताळला — पुरा अर्धा सूर खाली. तिळभर हललेला नाही.

कुणाला सांगू, की बरं वाटलं!

११ सप्टेंबर

संध्याकाळी ठकी पियानोपाशी उभी होती. झाकणावरून बोट फिरवलं आणि धूळ मला दाखवली.

"कुणी वाजवायचंच नाही तर ठेवलाय कशाला?"

परीक्षेचं समजावून सांगायला लागले. ऐकून न घेता गेली. तिला वाटतं मी विसरायला निघाले. आणि खरं म्हणजे, तेच तर चाललंय ना? फी भरून विसरायला शिकते आहे.

१२ सप्टेंबर

धूळ पुसली. उघडला नाही.

३ ऑक्टोबर

आजचा दिवस वाईट. काहीच ओळखता येईना. नवा सूर बसलेला नाही आणि जुना सुटलाय. कुठलाही आवाज ऐकला की दोन नावं येतात आणि भांडतात. चहाच्या कपावर चमचा वाजला तरी. कागद कोरा दिला.

वर्गातला लांब केसांचा मुलगा म्हणाला, "काकू, मीपण नापासच होणार, आपण बरोबर चहाची टपरी टाकू." सगळे हसले. मीही हसले. बाथरूममध्ये जाऊन रडले मग.

१९ ऑक्टोबर

वर्ष झालं.

नणंद येऊन बसल्या. जाताना भांडी घासून गेल्या. ठकी जेवली नाही. तिच्या मनगटावर लांब ओरखडा दिसला. काय झालं विचारलं तर बाही खाली ओढली. "लागलं कुठेतरी."

पियानोकडे दोघींनीही बघितलं नाही. खोलीत दुसरं बघण्यासारखं काही नसताना.

६ नोव्हेंबर

सकाळी गायलेला सूर आता कमी खाली येतो. सर खूश. "सरकतोय!" म्हणाले. पेढा मिळाल्यासारखा चेहरा केला मी. येताना बसमध्ये ह्यांचा सूर आठवून बघितला. आठवला, पण शोधायला लागला.

चेहऱ्याचंही असंच होणार का?

२० नोव्हेंबर

कागदात फक्त तीन चुका.

नणंद म्हणाल्या, "घरात गुणगुणत असतेस हल्ली. बरी झालीस वाटतं." टोमणा होता की नव्हता कळलं नाही. गुणगुणते हेच मला माहीत नव्हतं. ठकी तिथेच होती, म्हणाली, "ती नेहमीच गुणगुणते आत्या. तुमचं लक्ष नसतं." माझी बाजू घेतली! मग माझ्याकडे बघितलंच नाही.

२८ नोव्हेंबर

बरोबर. गायलेला सूर आणि कॉलेजचा सूर, एकच. सरांनी दोनदा तपासलं.

घरी येऊन म्हातारीपाशी बसले. झाकणावर हात ठेवला. उघडलं नाही. आता तीच बेसूर वाटणार. ह्यांनी दम खात खात लावलेली प्रत्येक तार मला चुकलेली वाटणार. परीक्षा होईपर्यंत तरी नको.

९ डिसेंबर

परीक्षा झाली. पहिला सूर आला आणि त्याचं नाव आपोआप आलं. मागे भांडणारं कुणी नव्हतं. इतकं शांत कधी वाटलं नव्हतं, आणि इतकं एकटंही.

१३ डिसेंबर

पास. सगळे विषय. वर्गानं गलका केला, काकू पार्टी, काकू पार्टी! सरांनी हात मिळवला.

घरी आले. ठकी यायची होती. म्हटलं, होऊन जाऊ दे आता. पर्स न ठेवताच झाकण उघडलं आणि मधली पट्टी दाबली.

बेसूर नाही वाटली.

दुसरी दाबली, तिसरी. सगळं बरोबर! म्हणजे कान परत फिरला? एका दिवसात? फोनवर सूर मोजायची सोय आहे ती लावून बघितली. कान ठीक आहे. पियानोच वर आहे. पुरा. कॉलेजच्या पियानोइतका. वरचं फळकूट काढलं तर जुन्या काळपट तारांमध्ये तीन तारा कोऱ्या, चकचकीत.

भागीदारांना फोन केला. म्हटलं, मला न विचारता का केलंत?

"आईशपथ वहिनी, मी त्या दिवसानंतर तुमच्या घराची पायरी चढलेलो नाही."

ह्यांचं गेलं. एवढंच डोक्यात. ठकीची वाट बघत बसले आहे.

१४ डिसेंबर

काल ठकीला विचारलं. ती दप्तर पोटाशी धरून उभी राहिली. "मीच लावते. बाबांचं दोन महिन्यांतच उतरलं होतं. त्यांची तारा पिळायची चावी होती, पण त्यांचा सूर कुठून आणणार? तू घरात गुणगुणतेस ना, तो धरून लावायचे. दर महिन्याला, तू कामावर असताना. मग तू वर जायला लागलीस. मीपण गेले."

म्हटलं, मला सांगायचं तरी.

"तू रोज वाजवून म्हणायचीस, ह्यांचा हात आहे. मग काय सांगू?"