मिशाळचा पिंजरा

दि. ४ मे

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

दाढ आता ठणकत नाही, गाल थोडा फुगलेला आहे एवढंच. तू दिलेल्या गोळ्या शेवटच्या गोळीपर्यंत संपवल्या, एकही चुकवली नाही, तेव्हा आता दम देणं बंद कर. दातांची डॉक्टर आत्या नशिबी येणं ही जन्माची शिक्षा आहे.

इथे प्रयोगशाळेत मात्र सगळं बिनसलंय. तुला सांगितलं होतं ना, आमच्याकडे डासांची एक जात आहे. तिच्या पोटात मलेरियाचा जंतू शिरला की ती त्याच्याभोवती काळं कवच चढवते आणि तिथल्या तिथे त्याचा निकाल लावते. डासाला ना डॉक्टर ना लस, जे काय आहे ते हेच. माझं सगळं काम त्या काळ्या ठिपक्यांवर उभं आहे. आणि या खेपेला मायक्रोस्कोपखाली डास उघडले तर ठिपका औषधालाही नाही! जंतू खुशाल वाढलेले.

पिंजरे मिशाळ सांभाळतो. मिशी काढून जमाना झाला, नाव तेवढं चिकटलं. माझा जुना मित्र, तुझ्याकडे जेवायला आला आणि तुझ्या डुगडुगणाऱ्या खुर्च्या ठोकून गेला, तोच. शेजारच्या पिंजऱ्यात साधे, कवच न चढवणारे डास असतात, ते त्याने नजरचुकीने माझ्या डासांत मिसळले असणार, दुसरं काय? मी आमच्या प्रमुख मॅडमना तसं सांगून टाकलं. तो शपथेवर नाही म्हणतोय. दहा तारखेला चौकशी समिती बसतेय आणि त्याला काढतील असंच दिसतंय. मला अन्न गोड लागत नाही गं. पण एवढ्या कामाचं वाटोळं झालं, त्याला कुणीतरी जबाबदार असणारच ना?

आतोबांना नमस्कार. तुझा लोभ आहे म्हणून एवढं रडगाणं गायलो, तो असू दे.

तुझा भाचा


दि. ६ मे

चि. डासोबास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस. प्रयोगशाळेत लावला तर आत आहे म्हणतात. म्हणून हे कुरिअरने पाठवतेय. आतोबा विचारत होते, मिशाळसारख्या माणसावर आळ घेताना तुझी जीभ कशी रेटली. मी ते विचारत नाही. मला वेगळंच विचारायचंय.

तुझ्या डासांना पहिलं रक्त कुणाचं पाजता? मागे तू बाही वर करून हात दाखवला होतास, पुरळ उठल्यासारखा. वर फुशारकी, की हे डास पिंजऱ्यातच जन्मलेले, चावले तरी ताप येत नाही, आणि तू त्यांचा अन्नदाता. मग माझ्या गोळ्या चालू असताना पिंजऱ्यात कुणाचा हात होता रे? अँटिबायोटिक दाढेपर्यंत पोचतं ते रक्तातूनच. डासाच्या पोटातही बारीकसारीक जंतू असतीलच की, आपल्या असतात तसे. त्यांचं काय झालं असेल?

मला किड्यांमधलं ओ की ठो कळत नाही, चुकत असेन तर हस. पण उत्तर ताबडतोब दे. आशीर्वाद आहेतच, आज जरा हात राखून.

आत्या


दि. ७ मे

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

माझाच हात होता. रोज.

डासाच्या आतड्यात साधे जंतू राहतात. त्यांच्याशी रोज झटापट चालते म्हणून त्याचं शरीर सावध असतं. ते मेले की पहारा ढिला पडतो, मग मलेरियाचा जंतू आत शिरला तरी त्याला कुणी हटकत नाही. शेजारच्या खोलीत गोचिडांवर काम चालतं, तेही हेच सांगतात की पोटातले जंतू हलवले की गोचिडाच्या बचावाचा सगळा कारभार बदलतो. मी रोज माना डोलावतो. अगं, मी हे शिकवतो पोरांना! आणि स्वतःचा हात काही डोक्यात आला नाही.

पण पुरावा कुठाय? त्याच पिंजऱ्यातल्या अंड्यांतून नवे डास नुकतेच बाहेर आलेत. ते आता माझं बिनगोळ्यांचं रक्त पितील, मग त्यांना जंतू द्यायचा, मग उघडायचे. ठिपके दिसले तर जात शुद्धच आहे, मिशाळने काही मिसळलं नव्हतं हे सिद्ध होईल. पण त्याला वेळ लागणार आणि समिती दहालाच आहे. आत्ता बोललो तर म्हणतील, मित्राला वाचवायला गोष्टी रचतोय. आणि खरं सांगू? माझी जागाही जाईल अशी भीती वाटते. पुरावा मिळेपर्यंत थांबू का?

लोभ असेल तर लगेच लिही.

तुझा भाचा


दि. ८ मे

चि. डासोबास,
अ. उ. आ.

थांबू का म्हणे! आळ घेताना पुरावा लागला नव्हता, आता उतरवताना बरा लागतोय. जा आणि बोल.

जागा गेली तर इथे ये. माझ्या दवाखान्यात पेशंटचे गाल धरून उभं राहायला माणूस हवाच आहे.

तुझीच आत्या, रागावलेली असली तरी


दि. २४ मे

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

दहाला समितीपुढे बोललो. मॅडमनी विचारलं, आधार काय. मी म्हटलं, माझी दाढ आणि माझा हात, दुसरं काही नाही. कुणी हसलंसुद्धा नाही. निर्णय पुढे ढकलला, पण मिशाळला तोवर घरी बसवलं.

काल ते डास उघडले. घाईत पहिले दोन चिरडलेच. तिसऱ्यात ठिपके होते, काळेकुट्ट. चौथ्यातही, त्याच्या पुढच्यातही. मी खुर्चीवरून उठून ओरडलोच.

मॅडमनी मिशाळला बोलावून सगळ्यांसमोर माफी मागितली. मीही मागितली. त्याने ऐकून घेतलं, माझ्या पाठीवर थाप मारली. वाटलं, सुटलो बाबा. माझी जागाही तूर्त शाबूत आहे.

मग तो मॅडमना म्हणाला की काम करीन, पण वरच्या मजल्यावर, दुसऱ्या गटात. मी त्याला जिन्यात गाठून कारण विचारलं. राग नाही म्हणाला. पण यापुढे तुझा एक डास जरी मेला, तरी मला आधी तुझ्या तोंडाकडे बघावं लागेल, आणि तसं रोज बघत मला जगायचं नाही, म्हणाला. आणि वर निघून गेला. आत्या, मी तिथेच पायरीवर बसून रडलो.

लोभ आहेच, तो वाढावा, असं आपण सवयीने लिहितो. आज वाढावा म्हणायची माझी हिंमत नाही. आहे तेवढा राहू दे.

तुझा भाचा