आधी बस, मग चूल

विमला,

मी सोपाऱ्याला आपल्या मथुरेच्या सासरी चालले. तिच्या पोराला ताप आहे, रात्री तिथंच राहीन. आमटी झाकून ठेवलीय, भात तेवढा लाव. काल उपाशी निजलीस. राग माझ्यावर होता, भाकरीनं काय केलं?

तू डोळे मिटून बसलीस आणि वाळत घातलेली सुकेळी दवात भिजली, म्हणून मी ओरडले. असले लाड माहेरी कर, असंही बोलले. तुला चक्कर येते म्हणून डॉक्टरनं रोज असं श्वासाकडे बघत बसायला सांगितलंय, हे आत्माराम मला नंतर बोलला. आधी तुम्हा नवराबायकोच्या तोंडाला कुलूप होतं काय? मी काय वाघ आहे?

आजपासून सातिवलीहून कामावरून आलीस की आधी घटकाभर बस, मग चूल. केळी मामंजी उचलतील. कुरकुरले तर माझं नाव सांग.

पहाटे तुम्ही निजलेले असताना मीपण बसून बघितलं, श्वासाकडे लक्ष ठेवून. रडूच आलं. कशाचं, ते कळेना. मग उठले आणि भांडी घासायला घेतली.

तू उठू नकोस.

आई