खिडकीतली कुंडी

कालिम्पोंग,
२४ नोव्हेंबर २०१८

आदरणीय भाउजूंना, आमच्या थोरल्या वहिनींना,
कुबेरचा पायांवर डोकं ठेवून ढोग.

इकडे आम्ही ठीक आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? आपली अस्मिता सांगत होती, देहरादूनची थंडी तुम्हाला सोसते पण तिच्या घराचे जिने सोसत नाहीत. तुमच्या जावेने, मनमायाने, भाजीची पानं आंबवून गुंद्रुक वाळवून ठेवलंय, दल्ले खुर्सानीच्या गोल मिरच्यांचं लोणचंही घातलंय. थापांचा मुलगा फौजेतून सुटीवर आलाय, तो तिकडे परत जाताना घेऊन येईल.

त्याच्याच हाती एक कुंडी पाठव, असं तुम्ही तिहारला, ऐन दिवाळीत, फोनवर म्हणालात. माझ्या थोरल्या दाजूंच्या पिवळ्या सिंबिडियम ऑर्किडची. मी ‘बघतो’ म्हणालो आणि तुमच्या नातवाच्या शाळेचं विचारायला लागलो. तुमच्या लक्षात आलंच असेल. इथून लेकीकडे गेल्यापासून तुम्ही कधी काही मागितलं नाहीत, आणि मागितलंत ते हे. मनमाया म्हणाली, फोनवर तुम्हाला जमायचं नाही, लिहूनच कळवा. लिहायला बसल्यालाही आता बरेच दिवस झाले.

यंदा पावसाळ्यात आपल्या नर्सरीतल्या ऑर्किडच्या पानांवर फिकट पिवळ्या रेषा दिसायला लागल्या. पुढे त्या तपकिरी झाल्या, पान तिथे खोलगट व्हायला लागलं. मला वाटलं, बुरशी. इथल्या धुक्यात ती कुणाला चुकलीय? पाणी कमी केलं, औषध फवारलं, डागी पानं कापली, कापल्या जागी दालचिनीची पूड लावली. कुंड्या लांब लांब मांडल्या. थोडे दिवस झाडं बरी दिसली. मग नवीन पान फुटलं, आणि त्या कोवळ्या पानावर, ज्याला अजून पावसाचा थेंबही लागला नव्हता, त्याच रेषा. उन्हासमोर धरलं की आरपार दिसायच्या. तेव्हा मात्र मी घाबरलो. मनमाया म्हणाली, दाजू असते तर त्यांनी एका नजरेत ओळखलं असतं.

पान वर्तमानपत्रात गुंडाळून सिक्कीमला प्रयोगशाळेत गेलो. तिथे लेप्चा मॅडम आहेत, निवृत्तीला आलेल्या, अगदी हळू बोलतात. त्यांनी पानाचा तुकडा पाण्यात चेचला, त्यात एक पट्टी बुडवली. पट्टीवर दोन रेघा उमटल्या. म्हणाल्या, ही बुरशी नाही, विषाणू आहे. याच्यावर औषध नाही. झाड जगेल, फुलेलसुद्धा, पण रोग आतच राहील आणि कापणाऱ्या पात्याला लागलेल्या रसातून शेजारच्या झाडात जाईल. त्यांनी विचारलं, पानं कापताना दर झाडानंतर कात्री जाळावर धरत होतात का? मी त्यांना दालचिनीच्या पुडीचं सांगत बसलो. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही.

मग त्यांनी नर्सरीचं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“पदमजींची का? ते आले होते इथे. असंच पान घेऊन. मी तेव्हाच म्हटलं होतं, ते झाड जाळून टाका.”

“मग दाजू काय म्हणाले?”

“म्हणाले, जाळवणार नाही माझ्याच्यानं. एकटं ठेवीन. कुणाला हात लावू देणार नाही.”

भाउजू, ते झाड दाजूंनी मागे पाण्याच्या टाकीखाली नेऊन ठेवलं होतं, आठवतं? आपल्याला वाटायचं, दृष्ट लागू नये म्हणून. त्याच्याजवळून आले की साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, आणि तुम्ही म्हणायचात, मयताला जाऊन आलात का. मिरिकला तुमच्या माहेरी त्याचा एक कंद हवा होता, त्याला त्यांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. तुम्ही दसैंच्या सणभर त्यांच्याशी बोलला नाहीत. तुमच्या माहेरच्यांचा मान ठेवला नाही असं तुम्हाला अजून वाटत असेल, तर ते मनातून काढून टाका. रोग द्यायचा नव्हता, म्हणून कंद दिला नाही.

हे त्यांनी मला का सांगितलं नाही, ते मला अर्धंच कळतं. बाजारात कुजबुज झाली असती तर आपली एक कुंडी कुणी उचलली नसती. उरलेलं अर्धं कळत नाही. मी सख्खा भाऊ होतो.

आता जे लिहायचं टाळतोय ते लिहितो.

दाजूंना जाण्याआधी झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्यांना बरं वाटावं म्हणून टाकीखालची ती कुंडी मी उचलून आणली आणि त्यांच्या खिडकीत ठेवली. तिच्यात कंद दाटले होते. म्हटलं, त्यांच्या डोळ्यांसमोरच वेगळे करू, त्यांचं झाड वाढताना त्यांना दिसू दे. मी सुरी लावली, आणि ते घशातून आवाज काढायला लागले. डाव्या हाताने गादीवर थापा मारत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तुम्ही पछ्यौरीच्या पदराने ते पुसलंत आणि म्हणालात, “बघ कुबेर, किती खूश झालेत. उरलेलं उद्या यांच्यासमोरच कर.”

मी केलं. दुसऱ्या दिवशी त्याच खिडकीशी, त्याच सुरीने, आधी ते झाड आणि मग शेडमधली बाकीचीही, एकेक आणून. ते ओरडत राहिले. शेवटी त्यांनी डोळे मिटून घेतले. आपण म्हणालो, शांत झोप लागली.

मनमाया म्हणत होती, हे भाउजूंना सांगू नका. त्यांच्याजवळ तेवढीच एक गोड आठवण आहे, ती तरी राहू द्या. मलाही पटलं होतं. तिने एक कुंडी निवडलीसुद्धा, स्वच्छ पानांची, कळीचा दांडा आलेली. पाठवून द्या, माघात फुलेल, त्यांना कळणारही नाही, म्हणाली. मी ती शेवाळात बांधून थापांकडे न्यायला निघालोही होतो. मग आठवलं, तुमच्या शेजारच्या उनियालबाईंची गच्ची ऑर्किडनी भरलीय आणि तुम्ही दोघी एकाच कात्रीने काम करता, असं तुम्हीच हसत सांगितलं होतंत. अर्ध्या रस्त्यातून परत आलो.

परवा जाळली, रोग निघाला ती सगळी. ओले कंद पेटत नाहीत, भाउजू. रॉकेल ओतलं तरी नुसते चरचरतात, धूर होतो. बऱ्याच झाडांना कळ्या होत्या. मनमाया घरात जाऊन दार लावून बसली. दूरच्या कोपऱ्यातल्या थोड्या रोपांच्या पट्टीवर अजून दुसरी रेघ उमटलेली नाही. ती ठेवलीत. मॅडम म्हणाल्या, उन्हाळ्यापर्यंत पुन्हा पुन्हा तपासायचं, त्याआधी काही सांगता येत नाही. मी आता रोज सकाळी त्यांची पानं उन्हासमोर धरून बघतो. बघण्यापलीकडे काही करता येत नाही.

तुम्हाला हे कळवून मी चांगलं केलं की वाईट, ठरवता येत नाही. पण त्या दोन दिवसांत दाजू आपल्याला काहीतरी सांगत होते. ते काय होतं, हे माझ्याशिवाय निदान आणखी एकाला माहीत असायला हवं, आणि त्यांचं तुमच्याइतकं दुसरं कोण आहे?

तुम्ही अश्रू पुसलेत, ते मायेनेच पुसलेत. ते त्यांनाही कळलं असेल. असेलच, असं मी रोज स्वतःला सांगतो.

उत्तर सवडीने द्या. फोन केलात आणि मी बोललो नाही, तर ठेवू नका.

त्यांचा आवाज ऐकूनही न समजलेला,
तुमचा दीर
कुबेर