जावयाने चालू करून दिलेला फोन

प्रकाशा, ता. शहादा
दि. ६ मे २०२५

चि. रुपास,
तुझ्या आप्पाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पोस्टमनच्या हातून पत्र आलेलं पाहून तू घाबरशील, म्हणून आधीच लिहितो. मी आणि तुझी मोठी माय धडधाकट आहोत. फोन का केला नाही, ते पुढे कळेल. सातवीनंतर कागदाला हात लावला नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

आपली काजल आखाजीच्या सणाला माहेरी आली. झोका बांधला, खापरावरचे मांडे झाले, सगळं रीतीप्रमाणे झालं. सासरी जायचा दिवस आला तशी ती पिशवी भरेना. मायने विचारलं तर बाही वर करून दंड दाखवला. त्यावर बोटं उमटलेली होती, जुनी आणि नवी. आता सुरतला परत जायचं नाही, एवढंच म्हणाली आणि भांडी घासायला बसली. मी बाहेर ओट्यावर येऊन बसलो.

पण लिहायचं कारण वेगळं आहे. परवा काजल एकटीच शहाद्याला एका वकीलबाईंकडे गेली होती. घरात मी आणि माय सोडून कोणाला माहीत नव्हतं. ती परत यायच्या आत जावई नवनीतरावांचा मला फोन. शहाद्यात कोर्टाच्या गल्लीत काय काम होतं म्हणून विचारत होते. आवाज अगदी गोड. आप्पा, उन्हातान्हाचं तिला फिरू देऊ नका, असंही म्हणाले. काल ती घाटावर मंदिरात बसली होती, तेही त्यांना ठाऊक. लग्नात काजलला फोन त्यांनीच घेऊन दिला. मला वाटतं ते त्या फोनात बसलेले आहेत.

तुझी मोठी माय म्हणते, हाऊ मोबाईल नही, घरजवाई शे. तिने तो ज्वारीच्या कोठीत खोल पुरून ठेवला आहे. दाण्यातून त्याला ऐकू येत असेल का गं? आम्ही कोठीजवळ कुजबुजतो. तू पुण्यात फोनांचंच काम करतेस. तुझा बाप, माझा धाकटा भाऊ, असता तर त्याला विचारलं असतं. आता तुलाच विचारतो.

उत्तर पत्रानेच पाठव. लोभ आहेच, उत्तराची तेवढी घाई कर.
तुझा, आप्पा

पुणे
दि. ११ मे २०२५

ती. आप्पा आणि मोठी माय यांस,
रुपाचा शि. सा. नमस्कार.

पत्र वाचून हसले नाही. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. काजलचा दंड मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही.

आप्पा, तुमचा अंदाज बरोबर आहे. फोन चालू करताना त्यात एक खातं घालावं लागतं. ज्याच्या नावाचं खातं, तो खरा मालक. फोन मिरवतो दुसऱ्याच्या हातात आणि चाकरी मालकाची करतो. काजल कुठे आहे ते नवनीतरावांना सुरतमध्ये बसून नकाशावर ठिपक्यासारखं दिसत असणार. ज्वारीच्या दाण्याने ते थांबत नाही, पण मोठ्या मायला तसं सांगू नका, तिचा हिरमोड होईल.

आता नीट वाचा. तो फोन फोडू नका, तापीत टाकू नका, बंदही करू नका. ठिपका अचानक गेला तर माणूस बिथरतो. रोज चार्ज करा आणि घरातच राहू द्या. काजलला मात्र दुसरीकडे हलवा, आणि तिने तो फोन सोबत नेऊ नये. धडगावच्या तुळशीबाई सिस्टर चालतील का? आपल्या गावच्या दवाखान्यात होत्या तेव्हा काजलचा जन्म त्यांच्याच हातून झालेला. त्या नाही म्हणणार नाहीत.

काजलसाठी मी एक फोन पाठवते आहे. जुनाच आहे, पण आतलं सगळं पुसून आम्ही त्यात वेगळी प्रणाली घातली आहे. ती कुठल्या कंपनीच्या खात्यावर चालत नाही. ती कशी चालते ते सगळं लिखाण उघडं आहे, कोणीही वाचून तपासावं. तो फोन ज्याच्या हातात आहे त्याचंच ऐकतो.

आणखी एक. घरात दुसरे कोणते फोन आहेत आणि ते कोणी चालू करून दिले, ते मला कळवा. विसरू नका.

मोठ्या मायच्या हातच्या मिरचीच्या खुड्याची आठवण येते. माया असू द्या, काळजी थोडी कमी करा.
तुमची, रुपा

प्रकाशा
दि. ३० मे २०२५

चि. रुपास,
आप्पाचे आशीर्वाद, मोठ्या मायचेही.

तुझं पार्सल शालीत गुंडाळलेलं नीट पोचलं. तू सांगितलंस तसं केलं. काजल उजाडायच्या आत झिपरूच्या जीपमध्ये बसून धडगावला गेली. झिपरू आपल्या ओळखीचा, रोज घाट चढतो उतरतो, विचारल्याशिवाय बोलत नाही. तुळशीबाईंनी दारातच काजलला जवळ घेतलं आणि म्हणाल्या की पहिल्यांदा रडली तेव्हाही असंच तोंड केलं होतंस. जुना फोन इथे कोठीवर आहे. मी त्याला रोज चार्जिंग लावतो. सापाला दूध पाजल्यासारखं वाटतं.

आता तुझ्या फोनाविषयी. मला तोही भरवशाचा वाटत नाही, राग मानू नकोस. त्यावर कोणाचा छाप नाही, कोणाचं नाव नाही. लिखाण सगळ्यांना उघडं आहे म्हणतेस, मग ते चोरालाही उघडं. ज्या कुलपाची आतली कळ साऱ्या गावाने पाहिली ते कुलूप कसलं? मी दोन दिवस याच विचारात होतो. काजल मात्र खुश आहे. त्यात काय ठेवायचं आणि काय काढायचं ते तिने स्वतः ठरवलं. मला म्हणाली, आप्पा, हा मला काही विचारत नाही, मीच याला विचारते.

मी दर गुरुवारी डबा घेऊन वर जातो. कळण्याची भाकरी, खुडा, वांग्याचं भरीत. ती जेवते, मी बघत बसतो, झिपरूच्या परतीच्या गाडीने खाली येतो. कालही गेलो होतो. मोबाईलात तिचा जेवताना फोटो काढून मायला दाखवतो, नाहीतर ती जेवत नाही.

भीती मात्र जात नाही. नवनीतराव आता रोज फोन करत नाहीत. गेल्या आठवड्यात एकदा केला तेव्हा काजलचं नावही काढलं नाही. फक्त हसत म्हणाले की आप्पा, या वयात घाटाची हवा मानवते वाटतं. झिपरू बोलला असेल का? त्याच्याकडे आता मी नीट बघतही नाही. बिचारा काल खाकरला तरी मला वाटलं खूण करतोय.

तू घरातल्या फोनांचं विचारलं होतंस. मायचा बटणांचा आहे, तो फक्त वाजतो. माझ्या मोठ्या फोनाची काळजी करू नकोस, तो कुठल्या दुकानदाराने हाताळलेला नाही. दिवाळीला नवनीतरावांनीच आणून दिला. माझा ईमेल नाही म्हणून त्यांनी आपलाच घालून चालू करून दिला. जावई स्वतः करून देत असताना दुकानात नेणं बरं दिसलं नसतं. आले की ते तो मागून घेतात, काय बिघडलं काय नाही बघतात, मग परत देतात. तेवढं मात्र त्यांचं चांगलं आहे.

झिपरूचं काय करू ते कळव. काळजी मला वाहू दे, तुझा लोभ तेवढा सोबत असू दे.
तुझा, आप्पा

धडगाव
दि. ४ जून २०२५

ती. आप्पांस,
रुपाचा नमस्कार.

हे पत्र झिपरूदादा तुमच्या हातात देतील. घरात बसून वाचू नका, फोन घरात ठेवून मळ्यात जाऊन वाचा.

झिपरूदादांचा काही दोष नाही. त्यांच्याकडे नीट बघा आणि त्यांना चहा पाजा. आप्पा, तुमचं पत्र काल दुपारी पोचलं. शेवटचा परिच्छेद वाचला आणि तशीच स्टँडवर आले. फोन करता येत नव्हता, कारण कुठला फोन कोण ऐकतो ते कळेना. आज सकाळी नंदुरबारहून येताना गाडी प्रकाशाच्या पुलावरून गेली. आपलं मंदिर दिसलं, पण उतरले नाही.

ठिपका काजलचा नव्हता. तो तुमच्या कोपरीच्या खिशात होता. तुमच्या फोनात त्यांचं खातं आहे, म्हणून दर गुरुवारी तुम्ही डबा घेऊन घाट चढलात ते त्यांनी सुरतमधून पाहिलं. तुम्ही काढलेले काजलचे फोटोही त्या खात्यात गेले असणार. तुळशीबाईंचा ओटा, मागचा हातपंप, सगळं.

तुम्हाला दोष देत नाही. जावयाच्या हातातून फोन काढून दुकानात नेईल असा सासरा मी आपल्या मुलखात पाहिला नाही, आणि हे त्यांनाही पक्कं ठाऊक होतं.

काजल आता धडगावात नाही. कुठे आहे ते मी तुम्हाला सांगणार नाही, आणि तुम्ही विचारू नका. तुम्हाला माहीत नसलं की तुमच्या तोंडून निघणारही नाही. ती बरी आहे. वकीलबाईंनी तिच्या संरक्षणासाठी अर्ज दाखल केला आहे, कोर्टाची नोटीस सुरतला पोचायला थोडे दिवस लागतील. तोवर तुम्ही घरी रहा. फोन कोठीवर त्या दुसऱ्या फोनाशेजारी ठेवा. उद्या गुरुवार आहे, पण वर येऊ नका.

तुम्ही कुलपाचं विचारलं होतंत. आप्पा, पूर्वी तुम्ही कापूस घेऊन जायचात तेव्हा तराजू सगळ्यांसमोर टांगलेला असायचा. काटा कुठे थांबला ते तुम्ही, व्यापारी, हमाल सगळेच बघायचे. नंतर काटा बंद खोलीत गेला आणि आतला माणूस सांगेल तो आकडा खरा झाला. तराजू उघडा होता म्हणून तुमचा कापूस कोणी चोरून नेत नव्हता, उलट कोणाला दांडी मारता येत नव्हती. काजलच्या फोनाचा तराजू उघडा आहे. तुमचा बंद खोलीत आहे, आणि खोलीची किल्ली सुरतला आहे.

घाबरू नका, असं लिहिणार होते. मीही घाबरले आहे. एकमेकांना धरून राहू.
तुमची, रुपा

प्रकाशा
दि. ६ जून २०२५

चि. रुपास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मळ्यात केळीच्या आडोशाला वाचलं, मग आणखी एकदा वाचलं आणि चुलीत घातलं. तू घरी रहा म्हणालीस. मी राहिलो नाही. रागवण्याआधी पुढचं वाच.

माझ्या मनात आलं की इतके गुरुवार ठिपका घाट चढला आणि आजच चढला नाही, तर त्यांना कळेल की पाखरू उडालं. मग ते दुसऱ्या वाटा शोधतील आणि त्यातली एखादी खरी निघेल. तुळशीबाई तिथे एकट्या सापडतील ते वेगळंच. म्हणून फोन खिशात घातला. मायला काही बोललो नाही, पण तिने न विचारता डबा भरला. भाकरी काजल खाते तेवढ्याच. झिपरूच्या शेजारी बसलो. आदल्या दिवशी चहा पाजला होताच. त्याला म्हणालो की माझ्या मनात तुझ्याबद्दल वाईट आलं होतं. तो म्हणाला, आप्पा, तुम्ही भाडं आधी देऊ लागलात तेव्हाच समजलो होतो.

वर गेलो तर काजलची खाट भिंतीला उभी लावलेली. तुळशीबाई मिरच्या निवडत होत्या. मी ओट्यावर डबा उघडून बसलो आणि वाट बघत राहिलो.

दुपार कलली तशी भाड्याची गाडी येऊन थांबली. नवनीतराव आणि त्यांचा एक मित्र उतरले. मला बघून त्यांना नवल वाटलं नाही, आणि मलाही नाही. ते सरळ आत शिरले. खाटेमागे पाहिलं, हातपंपापाशी जाऊन आले. तुळशीबाई त्यांच्यामागून फिरत विचारत होत्या, पाहुणे, काही टोचून हवंय का. म्हणे मोठमोठे गडी सुई बघून आडवे झालेले त्यांनी पाहिलेत. शेजारचे लोक कुंपणाशी येऊन उभे राहिले. कोणी तिथून हललं नाही.

मग ते माझ्यासमोर आले. काजल कुठे आहे ते विचारलं. मला माहीत नाही म्हणालो. जन्मात इतकं खरं बोलल्याचं आठवत नाही. रुपा, मी त्यांना बसायला घोंगडी सरकवली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. भीतीने केलं की सवयीने, मला सांगता येणार नाही. त्यांनी पाणी घेतलं नाही. हात पुढे केला, नेहमीसारखा, आणि म्हणाले की आप्पा, फोन दाखवा बरं.

दिवाळीपासून तो हात पुढे आला की मी फोन काढून देत आलो. काल माझा हात खिशाकडे गेलाही. तिथे गेला आणि तिथेच राहिला. फोन मुठीत घट्ट धरून मी म्हणालो, राहू द्या, हाऊ मन्हा शे. त्यांना ऐकू आलं नाही असं वाटलं, म्हणून परत म्हणालो. त्यांच्या मित्राने त्यांना बाजूला बोलावलं. कुंपणाशी माणसं वाढली होती. गाडी गेली, पण वळणापर्यंत काच खाली होती आणि ते माझ्याकडेच बघत होते. ती नजर अजून माझ्या पाठीवर आहे. आज सकाळपासून मी दार लावूनच बसलो आहे.

आता माझ्या फोनाचंही बघ. आतला तो माणूस काढून टाक आणि काजलच्या फोनात घातलंस तसं काहीतरी उघडं घाल. मला समजणार नाही, पण तुला समजतं आणि तुझ्यासारख्या चार जणांना समजतं, एवढं मला पुरे. पण आत्ता नको. नोटीस त्यांच्या हातात पडेपर्यंत ठिपका माझ्याच खिशात राहू दे. पुढच्या गुरुवारीही मी डबा घेऊन वर जाईन. तुळशीबाईंना भरीत आवडलं आहे.

सोबत मायने खुड्याची बरणी दिली आहे, झाकणाला दुहेरी फडकं बांधून. अर्धा तुला. अर्धा कुठे पाठवायचा ते तुझं तू बघ, मी पत्ता विचारत नाही. फक्त बरणी रिकामी झाली की परत पाठव. ती रिकामी दिसली म्हणजे आम्ही दोघं जेवू.

तुझा, आप्पा