शेवंतीसारखंच, फक्त चाळीस पानं

३ मे १९९८
माझं मशीन बॉस्को अंकलच्या घरी नेऊन ठेवलं; वायरी जोडेतोवर त्यांनी मॉनिटरवर टेबलक्लॉथ घातलं होतं. वर चमच्यांचा खोका. काढलं. मशीनला हवा लागते, असं समजावलं. ते म्हणाले, आमच्या शेगडीलाही लागते.

अंकल लग्नाच्या जेवणाच्या ऑर्डरी घेतात. सगळ्या डोक्यात ठेवतात. आता माझ्या प्रोग्रॅममध्ये राहतील. हे जमलं तर येत्या रविवारी त्यांच्या क्लाराशी माझा साखरपुडा. मुलगा खरंच कॉम्प्युटरमध्ये आहे का, एवढंच त्यांना बघायचंय. दीड महिना ठाण्यात जावाच्या क्लासला जातोय. म्हणजे आहेच.

५ मे
बाळकुमच्या पोपटशेठच्या शेवंतीचं लग्न. शनिवारी दुपारी, चारशे पानं. भरलं.

आपल्या साखरपुड्याला काय, विचारलं. अंकल म्हणाले, शेवंतीसारखंच, फक्त चाळीस पानं. सगळी गिऱ्हाइकं असंच सांगतात, अमक्याकडे होतं तसं. दुसरा कोणी मटण, वडे, सोलकढी पुन्हा टाइप करत बसला असता. मी एक ओळ लिहिली: साखरपुडा = शेवंती. मग साखरपुड्याची पानं चाळीस केली. साखरपुड्याचा प्रिंट काढला. चाळीस. डोकं लागतं.

६ मे
सरांना ती ओळ दाखवली. म्हणाले, नवीन ऑब्जेक्ट केलाच नाहीस, एकाच खोलीच्या दारावर दोन पाट्या लावल्यास. मी म्हटलं, पाट्या दोन म्हणजे बिऱ्हाडं दोन. वर्ग हसला, बहुधा सरांना. सर दिव्याला राहतात. तिथे एका खोलीवर चार पाट्या असतात. दृष्टिकोन तिथूनच आलेला.

तरी उद्यापासून पहाटे उठून पुस्तक वाचायचं.

७ मे
उठलो नाही. प्रोग्रॅम चालतोय, मग वाचायचं कशाला.

८ मे
अंकल वसईला बहिणीकडे. मटण सांगायचं काम क्लाराकडे. शेवंतीचा प्रिंट काढून ती माझ्याकडे आली. अरे ग्रेगरी, पोपटशेठ चाळीस माणसांत मुलगी देणार? अख्खं बाळकुम येईल.

मलाही चारशे आठवत होते. पण माझ्या आठवणीपेक्षा माझ्या प्रोग्रॅमवर माझा विश्वास जास्त. अंकलनी जाण्याआधी आकडा बदलला असेल. माणूस विसरतो, मशीन विसरत नाही, असं तिला सांगितलं. नक्की ना, म्हणाली. मग व्हेरिएबल म्हणजे काय ते बराच वेळ समजावलं. शेवटी म्हणाली, बरं बाबा, चाळीस.

पटलं तिला.

९ मे, संध्याकाळी
पहिली पंगत उठायच्या आत मटण संपलं. मांडवात अख्खं बाळकुम. एका आजीने मला विचारलं, जेवण हाय का रं, का नुसता वास? अंकल वसईहून थेट तिथे आले. अंडी आणवली. तीही पुरली नाहीत. पोपटशेठ ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, बॉस्को, तुझ्या पोरीच्या वेळी असं केलं असतंस का? क्लाराने तो प्रिंट माझ्या खिशात ठेवला.

घरी आल्यावर अंकल एकच बोलले. साखरपुड्याची पानं शून्य कर.

केली. शेवंतीचीही शून्य झाली.

मशीनमध्येच दोष आहे. डीलरला दाखवायला हवं.

१० मे, सकाळी
मशीन आमच्या दारात होतं, टेबलक्लॉथसकट. क्लारा रिक्षाने आणून ठेवून गेली. बेल वाजवली नाही.