खरसुंडीचं खोबरं

आई, काल धाकटीचा साताऱ्याहून फोन आला. यंदा चैत्रात खरसुंडीच्या जत्रेला जायचं म्हणते. गाडी करू, पहाटे निघू, मामाच्या माळवदावरून पालखी बघू. आणि वर मला शिकवते, जुनेच कपडे आण, गुलालानं चांगल्या साडीचं वाटोळं होतं. जसं काही मला ठाऊकच नाही! तू जाऊन इतकी वर्षं झाली, आम्ही दोघी आज्या झालो, तरी तिच्या तोंडून 'जुने कपडे' ऐकलं आणि मी पुन्हा जळायला लागले.

पंच्याहत्तर-शहात्तरचा सुमार असेल. सांगलीत विश्रामबागेतल्या आपल्या दोन खोल्या. चैत्र लागला की तुला माहेरच्या जत्रेचे वेध लागायचे. मी विळीवर बसले आहे, तू खोबऱ्याच्या वाट्या निवडून माझ्यापुढे सरकवते आहेस. पालखीवर उधळायचं खोबरं, तुकडे बेताचे हवेत. "लय मोटं करू नगंस, कुणाच्या डोळ्याला लागंल," असं तू दर वाटीला म्हणतेस. माझी बोटं सोलपटतात आणि धाकटी शेजारी बसून तुकडे खाते. मग तू गेल्या जत्रेत गुलाबी होऊन बसलेलं लुगडं काढतेस आणि त्याचा तिला परकर शिवतेस. तो परकर मला हवा होता, आई. फाटका, डागाळलेला, तुझ्या लुगड्याचा. मला मात्र इस्त्रीचा गणवेश, कारण मी घरी राहणार. आण्णांची मिरजेला रेल्वेत ड्युटी, त्यांचा डबा कोण करणार?

"तू शाणी हाईस," तू म्हणायचीस. "हिला ठिवून गेले तर घराचा उकिरडा करंल." शहाणी या शब्दाचा मला तेव्हापासून राग आहे. तुम्ही दोघी विट्याला गाडी बदलून जायच्या आणि दुसऱ्या दिवशी डोक्यापासून पायापर्यंत लाल होऊन यायच्या. मला न कळणाऱ्या कुठल्यातरी गोष्टीवर दोघी हसत असायच्या. मग तू पदराची गाठ सोडून गुलालात माखलेला एक तुकडा माझ्या हातावर ठेवायचीस. उरलंसुरलं माझ्या वाट्याला, असंच मला वाटायचं. एका वर्षी तर मी तो धुतला आणि सरळ आमटीच्या वाटणात घातला. तू पाट्यावरचं ते वाटण बघितलंस आणि पानं मांडायला घेतलीस.

मग एका चैत्रात जत्रेच्या तोंडावर धाकटीला गोवर आला. देवानं माझं ऐकलं म्हणून मी मनातल्या मनात नाचले. तू तो परकर मला दिलास. पोटऱ्यांपर्यंतच यायचा, पण मला राणीचा शालू वाटला. आता एस.टी.त खिडकीशी मी आणि शेजारी फक्त तू, असं ठरवत मी झोपले. सकाळी मामा दारात उभा. तू पिशवी माझ्या हातात दिलीस. "तू जा मामासंगं. हिला टाकून मी कशी यिऊ?"

मी गेले. सासनकाठ्या नाचत होत्या, चांगभलंच्या आरोळ्या उठत होत्या. घराघराच्या माळवदांवरून खोबरं आणि गुलाल असा पडत होता की समोरचं देऊळ दिसेना. मीही ओंजळी भरभरून फेकल्या, आणि फेकताना मला कोणाचा राग होता ते तुला सांगायला नको. एक तुकडा कपाळावर बसला. एक परकराच्या ओच्यात पडला, तो मी मुठीत धरून सांगलीपर्यंत आणला. तू धाकटीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होतीस. माझ्या लाल तोंडाकडे बघून हसलीस, मुठीतला तुकडा घेतलास आणि तिच्या हातात दिलास. "ती आली न्हाई न्हवं," म्हणालीस. मी मोरीत जाऊन डोक्यावर पाणी घेत राहिले. आख्ख्या जत्रेतला माझा एकच तुकडा होता, आई.

काल फोनवर मी धाकटीला सहज म्हणाल्यासारखं म्हटलं, तुझी बाई मजा होती, दरवर्षी आईबरोबर जत्रा. तर ती उसळलीच.

"मजा कसली, आक्का? पदरात पहिलं खोबरं पडलं की आई गाठ मारायची. आक्काचं हाय, म्हणायची. मी रडून गोंधळ घातला तरी हात लावू द्यायची नाही. पालखी पुढनं जायची आणि ही आपली गाठ चाचपत बसायची. मला असा राग यायचा तुझा!"

मला एकदम ती आमटी आठवली. पण वाईट वाटायच्या आधी दुसरंच काहीतरी वाटलं. म्हणजे तीही जळत होती! त्या परकरात, तुझ्या शेजारी उभी राहून, माझ्यावर जळत होती.

मी येते म्हणून सांगितलंय. खोबरं मीच कापणार, हेही सांगितलंय. हा कागद जुन्या साडीच्या घडीत ठेवते, जत्रेला तीच नेसायची आहे. एवढं फक्त तुला सांगते. तिचं बोलून झाल्यावर मी म्हटलं, अगं, आवाज तुटतोय, काय म्हणालीस ते परत सांग. बिचारीनं पहिल्यापासून सगळं परत सांगितलं. आवाज अगदी स्वच्छ येत होता, आई.