घरी ठेवलेली लेक

प्रिय अकुन्ना,

हे पत्र मी तीन दिवस लिहिते आहे. चार ओळी होतात, मग कसावा किसायचा राहिलेला आठवतो, मग बाबा हाक मारतात. मध्येच अक्षर बदललेलं दिसलं तर दुसऱ्या कुणी लिहिलंय असं समजू नकोस. हात माझाच आहे, दमलेला आहे. तुझं मागचं पत्र पोचलं. ताइवोच्या दाढेचं वाचलं, तुझ्या यजमानांच्या, बामिदेलेंच्या शाळेतल्या संपाचंही वाचलं. उत्तर दिलं नाही. राग नव्हता. लिहायला बसले की काय लिहायचं नाही तेच आधी सुचायचं, आणि मी कागदाची घडी करून ठेवून द्यायचे.

बाबा बरे आहेत. डोळ्यांना आता नुसता उजेड कळतो, पण अंगणातून कोण गेलं ते पावलांवरून ओळखतात. सोमादिनाला अजून 'आई' म्हणूनच हाक मारतात. ती जन्मली तेव्हा तिच्या कानामागचा डाग बघून म्हाताऱ्या बायकांनी सांगितलं होतं ना, की बाबांची आईच परत आली आहे. वीस वर्षं झाली, बाबांनी माझ्या या लेकीसमोर कधी आवाज चढवला नाही. आमटीत मीठ कमी पडलं तर मला बोलतात. तिनं रांधलेली असली तरी मलाच.

आज मला सगळं पहिल्यापासून लिहायचं आहे, तुला ठाऊक असलेलंही. तू तेव्हा तेरा वर्षांची होतीस. तुला काय दिसलं आणि काय नाही, हे मी कधी विचारलं नाही. युद्ध संपून वर्ष झालं होतं. ओबिआजुलु परत येईल म्हणून आई रोज एका माणसाचं जास्त रांधायची, आणि एक दिवस तिनं ते बंद केलं. आपला एकुलता एक भाऊ गेला हे सांगायला कुणी आलं नाही. आपल्याला ते आमटीच्या भांड्यावरून कळलं. त्याच महिन्यात एक्वुएमेची माणसं मला मागणी घालायला दुसऱ्यांदा ताडीचे घडे घेऊन आली. पहिल्या खेपेला बाबांनी ते घेतले होते. या वेळी दारातूनच परत पाठवले. मग मला समोर बसवून म्हणाले, "उगोये, तू गेलीस की हे घर माझ्याबरोबर संपलं. तू राहा. इथंच तुला मुलं होऊ देत, ती माझं नाव लावतील. आपल्यात ही रीत आहे, तुला कुणी नावं ठेवणार नाही." मी तोंड उघडायच्या आत तू मागून पुढे आलीस आणि म्हणालीस, "ताईला जाऊ द्या, मी राहते." बाबा हसले. "तू केवढीशी आहेस अजून," म्हणाले. ते हसणं मला आठवतं, कारण त्या घरात कितीतरी दिवसांत कुणी हसलं नव्हतं. मी हो म्हटलं. लोक समजतात मी बाबांसाठी हो म्हटलं. खरं म्हणजे हसून झाल्यावर त्यांनी तुझ्याकडे पुन्हा एकदा पाहिलं, नीट, पेरणीला अजून किती अवकाश आहे ते बघावं तसं, आणि ते पाहून मी हो म्हटलं. हे तुला मी कधी सांगितलं नाही. उपकार म्हणून आजही सांगत नाही. पुढचं तुला कळावं म्हणून सांगते.

एक्वुएमे नंतर एकदा एकटाच आला होता. मी विहिरीवर होते. "आबा शहरात माझं दुकान होतंय, तिथं आपल्याला कोण ओळखतं, चल," म्हणाला. मी म्हटलं, "बाबांना कळेल." एवढंच. तो बराच वेळ सायकलला टेकून उभा राहिला आणि मग माझा हंडा डोक्यावर चढवून देऊन गेला. त्याला आता पाच मुलं आहेत असं ऐकते.

मग शेजारच्या गावचा सुतार येऊ लागला. मुलांवर त्याचा हक्क राहणार नाही हे वडीलधाऱ्यांनी आधीच ठरवलं होतं. माणूस वाईट नव्हता. यायचा तेव्हा काहीतरी दुरुस्त करून जायचा. बाबांच्या खोलीचं दार अजून त्यानं बसवलेल्या बिजागऱ्यांवर फिरतं. अहामेफुला झाला तेव्हा बाबांनी बार उडवले, गावभर लोक बोलावले आणि नाव ठेवलं. 'माझं नाव हरवू नये.' नातवाच्या कपाळावर त्यांनी आपलं मागणं लिहून टाकलं. सुतार त्या दिवशी पाहुण्यांच्या पंगतीत बसला, जेवला आणि इतरांबरोबर उठून गेला. पोरगा त्याच्यासारखाच दिसायचा. ते कुणी बोललं नाही.

लोकांनी खरंच नावं ठेवली नाहीत. त्रास वेगळाच होता. तो मला नीट कळला आईच्या अंत्यविधीला. तू इबादानहून आलीस, सगळ्या माहेरवाशिणी आल्या, चटया टाकून मानानं बसल्या. घरच्या सुना चुलीवर राबत होत्या. रीत आहे, माहेरवाशिणींनी ओरडायचं आणि सुनांनी धावायचं. मी दारात उभी. मी लेक, म्हणून चटईवर जायला हवं होतं. पण मी घर सोडून कधी गेलेच नव्हते, तर परत आले कुठून? आणि सून म्हणावं तर नवरा कुठे? शेवटी मी चुलीकडे गेले, कारण तिथं काम होतं. थोड्या वेळानं तुमच्यातली एक जण ओरडली, "मटणात मटण कुठंय, नुसतं पाणी वाढता काय गं?" आणि टोप घेऊन मी धावले. तू चटईवर खाली बघत होतीस. सोमादिना तेव्हा नऊ वर्षांची, माझ्या लुगड्याला धरून होती. तिनं ते सगळं पाहिलं.

तुझ्याबद्दल माझ्या मनात काय होतं तेही लिहिते. तुला जुळी झाली हे ऐकून आई घाबरली. तिच्या लहानपणी जुळी जन्मली की रानात टाकून देत, ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि चर्चमध्ये किती वर्षं गेली तरी ती भीती तिच्या अंगातून गेली नाही. बाबा म्हणाले, "योरुबांच्यात दिलेली लेक, त्यांचं ते बघतील." म्हणून मी एकटीच आले. येताना वाटेत घाबरले होते, तुला घरात कोंडून ठेवलं असेल म्हणून. आणि तिथं बघते तर तुझ्या सासूबाई एक पोर पाठीला, एक पोटाशी बांधून भर बाजारात नाचत होत्या. बायका त्यांच्या पुढ्यात काय काय ठेवत होत्या. गल्लीतल्या पोरांना चवळी रांधून घातली. तुझ्या सासूबाईंनी मला समजावलं की दुसरा जन्मलेला केहिंदे हाच मोठा, त्यानंच ताइवोला पुढे पाठवलं, जा, बाहेर कसं काय आहे बघून ये म्हणून. सगळे हसले. मला मात्र तिथून उठावंसं वाटलं. तू कुरकुर करत होतीस, की दिराच्या शाळकरी पोरालासुद्धा अहोजाहो करावं लागतं, सकाळी गुडघे टेकून सासूला नमस्कार करावा लागतो, आणि इतक्या वर्षांनीही बायका मागून 'ती इग्बो' म्हणतात. मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, हिला निदान गुडघे टेकायला दुसऱ्याचं घर तरी आहे. त्यानंतर माझी पत्रं कमी झाली. तू कारण विचारलंस, मी बाबांच्या दुखण्याचं दिलं. आज खरं कारण दिलं.

आता अहामेफुलाचं. तो गेला तेव्हा तू चार दिवस येऊन राहिलीस, पण मी बोलण्याच्या स्थितीत नव्हते. चोवीस वर्षांचा पोरगा, ओनित्शाला मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान नुकतं लावलेलं, घरी येताना वाटेत बस उलटली. लग्न ठरत होतं, झालं नव्हतं. बाबांनी त्याच्या शवपेटीवर हात फिरवला आणि विचारलं, "लांबी बरोबर आहे ना?"

गेल्या महिन्यात भाऊबंद आले. उदेझेकाका सगळ्यांत वडील, त्यांनी रीतीप्रमाणे कोलाची बी फोडली, पूर्वजांची नावं घेतली. मला दाराशी बसवलं होतं. काका म्हणाले, "उगोये, सरळ बोलतो. हे घर बुडालं तर जमीन आमच्याकडेच येते. म्हणूनच आम्ही गप्प बसू शकत नाही. उद्या लोक म्हणतील, टपूनच बसले होते. सोमादिनाला ठेवून घे. तू राहिलीस, तशी ती राहील. माणूस चांगला बघू, दारू न पिणारा." अकुन्ना, ते मला फसवायला आले नव्हते. प्रामाणिक माणसं आहेत, त्यांच्या मनात खोट असती तर मला भांडता आलं असतं. सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मी हो म्हटलं.

हे मला लिहायचं होतं, म्हणून तीन दिवस लागले. मला कुणी धमकावलं नाही. बाबा बोललेही नाहीत. मी हो म्हटलं, कारण मला ती घरात हवी होती. मुलगा गेल्यापासून मी तिच्या येण्याची चाहूल घेत बसते. शिवणाच्या दुकानातून यायला जरा उशीर झाला तरी मी रस्त्यावर जाऊन उभी राहते. काकांनी मला जे हवं होतं तेच रीत म्हणून पुढे ठेवलं. मी उचललं.

संध्याकाळी तिला सांगितलं. ती मशीनवर कुणाचा तरी झगा शिवत होती. मला वाटलं, रडेल, भांडेल, तुझ्यासारखी पुढे येऊन काहीतरी बोलेल. तिनं शिवण पूर्ण केली, दोरा तोडला आणि इतकंच विचारलं, "आई, मग मी चटईवर बसायचं की चुलीपाशी?" चिडून नाही विचारलं. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं, म्हणजे त्याप्रमाणे वागता येईल. त्यानंतर ती आठवडाभर नेहमीसारखीच होती, बाबांना आंघोळ घालत होती, कसाव्याची गारी भाजत होती, आणि मी तिच्याकडे बघू शकत नव्हते.

मग मी बाबांकडे गेले. म्हटलं, "बाबा, पोरगी वीस वर्षांची आहे." ते म्हणाले, "तू बावीसची होतीस." मग आपणहून विचारलं, "का, तुला बरं नव्हतं वाटत इथं? मला वाटायचं, बायका सासरी जाऊन कुढतात, माझी लेक आपल्या घरात मालकिणीसारखी राहिली. मी तुझं चांगलं केलं असंच मला वाटत आलंय." सव्वीस वर्षं, अकुन्ना. सव्वीस वर्षं ते समाधानानं झोपत होते. त्यांचा चेहरा माझ्या आवाजाच्या दिशेनं वळलेला, डोळे पांढरे. मी म्हटलं, "बरं वाटलं, बाबा." त्यांनी मान हलवली आणि पाणी मागितलं. मी पाणी दिलं.

आणि तिथंच मला कळलं की पुढे काय होणार. मी बाबांसारखीच होणार. सोमादिना पन्नाशीला येईल, मी आंधळी होऊन खाटेवर बसेन आणि तिला विचारेन, बरं वाटलं ना गं? ती हो म्हणेल. ती तशीच आहे, माझ्यासारखी.

म्हणून हे पत्र. ते तुझ्या हातात ठेवून जी आता तुझ्या दारात उभी असेल, तिला यातलं काही ठाऊक नाही. पाकीट मी चिकटवून देते आहे. तिला सांगितलंय की तुला बरं नाही, महिनाभर मदतीला जा. शिलाईचं मशीनही दिलंय, मावशीकडे पोरांचे गणवेश शिवायचे आहेत म्हणून. आज न्क्वोच्या वाराचा बाजार, भाऊबंद सगळे बाजारात असतील, मी स्वतः तिला ओनित्शाच्या गाडीत बसवून देणार आहे, तिथून ती इबादानची गाडी धरेल. महिना संपला की तिला तूच सांग, मला जमलं नाही. तिला काम शोधून दे. लग्न करायचं असेल तर करू दे, कुणाशीही, इग्बो असो की योरुबा, नसेल करायचं तर राहू दे. काका तिला न्यायला येतील, त्यांना नीट बसव, जेवू घाल, आणि रिकाम्या हातानं परत पाठव. बाबा गेल्याची तार आली तरी तिला आणू नकोस, तू एकटी ये. आणि अकुन्ना, कधी माझंच पत्र येईल, की मला आता होत नाही, घर खायला उठतं, माझ्या पोरीला पाठव. ते पत्र माझंच असेल, त्यातलं अक्षर न् अक्षर खरं असेल. तरी तिला पाठवू नकोस.

तुझीच,
उगोयेताई